तुमच्या दोघांच्या मधली

तुमच्या दोघांच्या मधे एक बहीण होती, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईने ते कधी लपवलं नाही. ती डांग्या खोकल्याने गेली हेही तिने मोठ्याला सांगितलं आहे. तो खोकला कोणाकडून आला हे मात्र तिने सांगितलेलं नाही. ते मी, तुमच्या आजीने, सांगायचं, असं तिने ठरवलं आणि मी मान्य केलं.

मोठ्या, तू आठ वर्षांचा आहेस आणि तुझं मराठी वाचन अजून अडखळतं, म्हणून मी साधं लिहिते आहे. धाकटी, तुला हे कोणीतरी पुढे वाचून दाखवील, किंवा तू स्वतः वाचशील. बाळाचं नाव मी इथे लिहीत नाही. बारशाला ते तुमच्या आईने तिच्या कानात सांगितलं होतं आणि त्यावर तिचाच हक्क आहे.

तुमची आई बाळंतपणासाठी मुलुंडला आमच्याकडे आली तेव्हा मोठा चार वर्षांचा होता. तुमचे बाबा तिकडेच होते, ते बाळाच्या जन्माच्या सुमारास येणार होते. पहिलं बाळंतपण परदेशात झालं होतं, तेव्हा मला व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. म्हणून दुसरं माहेरीच, असा तिचा हट्ट होता आणि माझाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली. मला याद्या करायला आवडतं. ती यायच्या महिनाभर आधी मी घरातलं कपाट रिकामं केलं, जुन्या मऊ धोतरांची दुपटी शिवली, आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना भेटून काय काय लागेल ते विचारून आले.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्या म्हणाल्या, "आजी, तयारी छान आहे. पण दुपट्यांपेक्षा महत्त्वाचं सांगू? जी माणसं बाळाजवळ येणार आहेत त्या सगळ्यांना डांग्या खोकल्याचा बूस्टर घ्यायला लावा."

मी म्हटलं, "बाळाला देतात ना ती लस?"

"दीड महिन्याला पहिली देतो. तोवर बाळाकडे स्वतःचं काही नसतं."

मग त्यांनी मला समजावलं. लस म्हणजे शरीराला जंतूची आगाऊ ओळख करून देणं. जंतूचा एखादा तुकडा किंवा निष्प्रभ केलेलं विष टोचलं की रक्तातल्या पेशी ते पाहतात आणि त्याच्यावर नेमकी बसेल अशी प्रतिपिंडं तयार करायला शिकतात. शिकलेल्यातल्या काही पेशी लक्षात ठेवून मागे राहतात. खरा जंतू आला की त्या ओळखतात आणि शरीर आठवड्यांऐवजी थोड्या दिवसांत उभं राहतं. पण शिकायला वेळ लागतो, दोन-तीन आठवडे तरी, आणि एका डोसात पूर्ण शिकून होत नाही. नव्या बाळाला तेवढी सवड नसते. त्याला पहिले काही महिने जे काही मिळतं ते आईकडून, वारेतून, उसनं. म्हणून गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ही लस देतात, तिची प्रतिपिंडं बाळात उतरावीत म्हणून. आणि आजूबाजूच्यांना देतात, म्हणजे जंतू बाळापर्यंत पोचूच नये.

मी घरी आले आणि यादी केली. तुमची आई, तुमचे बाबा, तुमचे आजोबा, मालीशवाल्या बाई, मी. मोठ्याचे सगळे डोस झालेले होते, त्याच्या कार्डाची प्रत माझ्याकडे होती. प्रत्येकाच्या नावापुढे तारखेसाठी जागा सोडली. माझ्या नावापुढे मी लिहिलं, "लागू नाही."

का, ते सांगते. मला हा खोकला सहा वर्षांची असताना झाला होता. दादरच्या खोलीत मी तीन महिने खोकत होते, खोकून खोकून उलटी व्हायची आणि आई पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "होऊन जाऊ दे एकदाचा. एकदा झाला की जन्मात परत व्हायचा नाही." गोवराचं तसं असतं, ते मी शाळेत शिकलेही होते. त्यामुळे याचंही तसंच, हे मी साठ वर्षं खरं धरून चालले. इतकं इंग्रजी वाचलं, औषधांची पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, पण हे एक मी कधी तपासलं नाही. डॉक्टर बाईंनाही विचारलं नाही. विचारायचं असतं ते आपल्याला शंका असली तर.

मालीशवाल्या बाईंना मी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या भांडुपला टेकडीवर राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर न्हालेली. सुई म्हटल्यावर त्या रिक्षातच भांडायला लागल्या.

"माका कित्याक सुई? माका काय कुत्रो चावलो?"

"बाळासाठी आहे बाई. तुम्ही रोज तिला हातात घेणार."

"तीस वर्सा पोरां न्हाणवतंय मी. कोणाक काय झाला नाय." मग दंड चोळत बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आनि वैनी, तुमका?"

"मला लहानपणी होऊन गेलाय."

"मगे तुमी पक्क्या," त्या म्हणाल्या, आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो.

तुमच्या आईने इथे आल्यावर लगेच लस घेतली. आठव्या महिन्यातली वेळ ठीक होती. पण बाळाने थांबायचं नाही असं ठरवलेलं होतं. लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी, दिवस भरायला महिनाभर असताना, ती जन्मली. छोटीशी, लालसर, आणि डोक्यावर इतकं जावळ की नर्सने भांग पाडून आणलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. आईकडून मिळायला हवं होतं तेवढं संरक्षण मिळालं नसेल, दिवस कमी पडले. तुम्ही घरात जपा." मी म्हटलं, "ते माझ्यावर सोडा."

आणि मी जपलं. बारशाला मी दारात खुर्ची टाकून बसले. चपला बाहेर, हात साबणाने, तोंडाला मास्क, नाक गळत असेल त्याने पेढा घेऊन परत. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, व्हिसा कुठे मिळतो तेवढं सांगा, मी काढून आणते!" सगळ्या हसल्या. त्यांच्या नातवाला शिंक आली तर मी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. तुमची आई पाळण्याजवळून म्हणाली, "आई, बास गं आता, पोलीस झाली आहेस नुसती." पण तिला बरं वाटत होतं. मला दिसत होतं. बारसं करून तुमचे बाबा परत गेले.

त्याच आठवड्यात मला थोडी सर्दी झाली आणि मागून कोरडा खोकला लागला. समोरची इमारत पुनर्विकासासाठी पाडत होते. सकाळपासून धूळ. खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं की पांढरं व्हायचं. सगळी गल्ली खोकत होती. मी दोन दिवस मास्क लावला, सर्दी गेल्यावर काढला. खोकला राहिला, विशेष नाही, दिवसातून चार-पाच वेळा उबळ यायची. आली की मी न्हाणीघरात जायचे, तुमच्या आईची झोप मोडू नये म्हणून. मग तोंड धुऊन येऊन बाळाला घ्यायचे.

मला नंतर कळलं ते असं. डांग्या खोकल्याची आठवण शरीर जन्मभर ठेवत नाही. रोग होऊन गेला असला तरी काही वर्षांत ती पुसट होते, लसीचीही होते, म्हणून मोठेपणी परत घ्यावी लागते. मोठ्या माणसाला तो झाला तर बरेचदा नुसता चिवट खोकला असतो, कोणाला संशयही येत नाही. आणि तो सर्वांत जास्त पसरतो सुरुवातीला, जेव्हा साधी सर्दी वाटते तेव्हा. मला तो कुठून लागला ते कधीच कळलं नाही. भाजीवाल्याकडे, बँकेत, कुठेही.

मोठ्या, तूही त्याच घरात होतास. माझ्याच ताटात जेवत होतास, माझ्याच कुशीत झोपत होतास. तुला काही झालं नाही. तुझ्या शरीराला चार डोसांनी शिकवलेलं होतं. ती तुझ्यापासून तीन हातांवर पाळण्यात होती आणि तिच्याकडे काहीच नव्हतं. याहून सोपं करून मला सांगता येत नाही.

महिना झाला आणि तिने दूध ओढणं कमी केलं. तिला खोकला असा नव्हताच. ती दोनदा शिंकली, आणि दुसऱ्या दिवशी दूध पिता पिता थांबली. श्वासच थांबला. ओठ जांभळट झाले, मग तुमच्या आईने पाठीवर थोपटलं तसा परत सुरू झाला. तुमच्या आजोबांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाईंनी तिला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणाला खोकला आहे?"

तुमची आई म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "धुळीचा थोडा, मला. समोर पाडकाम चाललंय." डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात आतून त्यांना बोलावलं.

त्यांनी आमच्या सगळ्यांच्या नाकातला स्राव तपासायला घेतला. मालीशवाल्या बाईंचाही. सगळ्यांना औषध सुरू केलं. रिपोर्टसाठी ईमेलचा पत्ता कोणाचा, असं विचारलं तेव्हा मी माझा दिला. घरातले सगळे कागद माझ्याकडेच येतात.

ती आठ दिवस काचेमागे होती. तुमचे बाबा पाचव्या दिवशी पोचले. आम्ही आळीपाळीने बसायचो. त्या आठ दिवसांबद्दल मी अधिक लिहिणार नाही. ती गेली तेव्हा तिच्या कार्डावरच्या दीड महिन्याच्या तारखेला चार दिवस बाकी होते. मी डॉक्टर बाईंना विचारलं, ते चार दिवस मिळाले असते तर? त्या म्हणाल्या, "नाही हो आजी. एका डोसाने एवढ्यात काही झालं नसतं. तिचं रक्षण त्या दिवसांत आपणच करायचं असतं." आपणच, असं त्या म्हणाल्या. तुम्ही, असं म्हणाल्या नाहीत.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी रिपोर्टांची ईमेल आली. पाच रिपोर्ट होते. तुमची आई, आजोबा, मोठा, मालीशवाल्या बाई, चौघांत जंतू सापडला नव्हता. माझ्यात सापडला होता. मी ते दोनदा वाचलं, संगणक बंद केला आणि भाताचा कुकर लावला.

तोवर बिल्डिंगने आपला निकाल लावून टाकला होता. दहा घरं हिंडणारी बाई, तिनेच आणलं असणार. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई मला जिन्यात हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनेला सातवा आहे. आम्ही तर दुसरी बघणार बाई." मी वर आले आणि दार लावलं.

त्याच दुपारी मालीशवाल्या बाई आल्या. तुमच्या आईला दूध येत होतं. बाळ नाही हे शरीराला कोण सांगणार. ती ठणकणारी छाती घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. बाईंनी पदरात ओंजळभर मोगरा आणला होता, छातीवर बांधला की दूध आटतं असं त्यांच्यात मानतात. तुमच्या आईने त्यांचा आवाज ऐकला आणि भिंतीकडेच बघत मला म्हणाली, "आई, त्यांना खोकला होता का गं?"

मला सगळं लक्षात राहतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणती पावती कोणत्या फायलीत, कोणाचा चष्मा कधी बदलला.

मी म्हटलं, "लक्षात नाही गं."

"त्यांना जायला सांग."

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मोगरा त्यांनी बुटांच्या कपाटावर ठेवला आणि जिना उतरल्या. मी थांबवलं नाही.

तुमचे आई-बाबा मोठ्याला घेऊन महिन्याभराने परत गेले. मी बूस्टर घेतला, यादीवर तारीख लिहिली, आणि ती यादी परत कधी उघडली नाही. मी स्वतःला सांगत होते की आता सांगून कोणाचं भलं होणार आहे. तिला अजून एक दुःख कशाला. हे मी दीड वर्ष सांगत होते. त्या दीड वर्षात मालीशवाल्या बाई आमच्या गल्लीत दिसल्या नाहीत.

मग एका रविवारी तुमच्या आईचा फोन आला. आवाजच वेगळा होता. "आई, बस खाली. तिसरा महिना लागलाय." मी बसले. ती म्हणाली, "मी येते तिकडे. भीती वाटते, पण मला तू हवी आहेस. लस वेळेत घेईन, सगळं वेळेत करू. तू यादी कर." मग म्हणाली, "फक्त त्या बाई नकोत हां. प्रॉमिस कर."

मला "बरं" म्हणता आलं असतं. ती आली असती. धाकटी, तू इथे जन्मली असतीस, या खोलीत, आणि मी तुला न्हाऊ घातलं असतं. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं.

मी म्हटलं, "खोकला त्यांचा नव्हता. माझा होता. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

तिने मोठ्याला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं. मग म्हणाली, "कधी आला रिपोर्ट?"

"चौथ्या दिवशी. सकाळी."

"त्या मोगरा घेऊन आल्या त्या दिवशी?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं आई." ती ओरडली नाही. "खोकला काय, कोणालाही होतो. मी तुला विचारलं होतं."

फोन बंद झाला. तीन आठवड्यांनी संदेश आला, तिकिटं रद्द केली, इथेच करतो आहोत. आजोबांना नमस्कार. मला वेगळं काही नव्हतं.

मी भांडुपला गेले. टेकडीवर चढताना दोनदा बसले. बाई दाराशी कोलीम निवडत होत्या, बारीक सुकी कोळंबी असते ती. त्यांनी पाट सरकवला. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"माका ठावक होता, वैनी. तुमी न्हाणीत खोकत होतास, ता माका ऐकाक येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या पोरीक तेवा आवस व्हयी होती." आवस म्हणजे आई. "माका वाटला, माका दुसरी घरा गावतीत." त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "नाय गावली."

मी हात जोडले. त्यांना ते आवडलं नाही. "माका कित्याक सांगतास? लोकांका सांगा," त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

मी बिल्डिंगमधल्या अकरा घरांत गेले. दोन दिवस लागले. प्रत्येक ठिकाणी बसले, चहा नको म्हटलं, रिपोर्ट दाखवला. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, आता कशाला उगाळायचं? कोणी काही बोलत नाही त्याबद्दल."

"बोलतात," मी म्हटलं. "तुम्हीच बोलला होतात."

त्यानंतर आमचं जाणं-येणं संपलं. दोन घरांनी बाईंना निरोप पाठवला. एका घरी त्या गेल्या. आमच्या मजल्यावर त्या येत नाहीत, लिफ्टने सरळ वर जातात.

धाकटी, तू जन्मलीस ते मला तुझ्या बाबांच्या संदेशावरून कळलं. फोटोत तू दुपट्यात गुंडाळलेली होतीस, दुपटं दुकानातलं होतं. तुमच्या आईने त्या दिवसांत माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि मला विचारण्याचा हक्क नव्हता. मी दिवस मोजत होते. बेचाळिसाव्या दिवशी आमच्याकडे दुपार होती, तुमच्याकडे सकाळ. फोन वाजला, व्हिडिओ होता. आधी नुसतं छत दिसलं, मग एका नर्सचे हातमोजे, मग तुझी मांडी. तुमच्या आईचा चेहरा कुठेच नव्हता, फोन धरणारा हात तेवढा हलत होता. नर्सने सुई टोचली आणि तू भोकाड पसरलंस. एवढं लाल होऊन, एवढ्या जोरात, की फोनचा आवाज फाटला. मी म्हटलं, "घे गं तिला, उचलून घे."

"घेतलंय," ती पलीकडून म्हणाली. "रडू दे थोडं. ऐक तू."

तिने फोन ठेवला नाही. तुझं रडं हुंदक्यांवर येऊन थांबेपर्यंत आम्ही दोघी ऐकत होतो.